बाटली कोण धुणार?

निपाणीत एखादा निवृत्त मास्तर दिवेलागणीला "जरा बाटली घेऊन येतो" म्हणत घराबाहेर पडला, तर ऐकणारा त्याच्या तोंडाकडं बघतच राहतो. मी अगदी हेच म्हणून बाहेर पडलो. कोपऱ्यावरच्या शेजाऱ्यानं हसत विचारलं, "कोण पाव्हणं आल्यात काय?" नातू साडेचार महिन्यांचा झालाय आणि बाटली त्याच्यासाठी आहे, हे सांगेपर्यंत तो निम्म्या गल्लीला खूण करून मोकळा झाला होता.

औषधाच्या दुकानात त्याहून अवघड प्रश्न समोर आला. "अंगावर पितंय की वरचं?" अंगावरच, म्हणालो. "मग साधी देऊ, रुंद तोंडाची देऊ की अँटी-कॉलिक?" मला बाटली या वस्तूचे दोनच प्रकार ठाऊक होते, फुटणारी आणि न फुटणारी. शेवटी दुकानदारानं तीन खोकी पिशवीत घातली आणि सांगितलं, न फोडता आणली तर परत घेईन.

घरी आलो तर सोप्यात आक्का वाती वळत बसली होती. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, वय त्र्याहत्तर. पंचवीसएक वर्षं तंबाखूच्या वखारीत चाळणी धरलेली बाई. आमच्या भागात बायकाही "मी येतो, मी जातो" असंच बोलतात. पुण्याकडच्या सुनांना ते रुळायला वर्ष लागतं. आक्काचं बोलणं खाली तसंच ठेवलंय, मास्तरकी करून सुधारलेलं नाही.

"अंगावर पिणाऱ्या पोराला बाटली कशाला रे?"

उत्तर माझ्या लेकीनं दिलं. ती बाळंतपणाला माहेरी आलेली. कागलच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी. 26 आठवड्यांची रजा, त्यातले पाच आठवडे बाळ व्हायच्या आधीच गेले, आता पंधरा दिवसांनी रुजू व्हायचं.

"आत्ती, मी सकाळी आठला घर सोडणार, साडेसहाला परत येणार. मधे त्याला तीनदा तरी पाजावं लागेल. दूध माझंच असणार, काढून ठेवलेलं. ते त्याच्या पोटात जाणार कसं, एवढंच ठरवायचंय."

"वाटी-चमच्यानं. अजून दीड महिन्यानं नाचणीचं सत्त्व सुरू होईल, तवा वाटीच लागणार हाय की. मधल्यामधी बाटलीची सवय कशाला?"

"वाटीनं निम्मं लाळेऱ्यावर सांडतं. पंप लावून बसल्यावर अर्ध्या तासात कसंबसं शंभर मिली निघतं. त्यातलं वीस सांडलं तर मला रडू येईल."

"सांडू दे. छातीत आणि येतंय."

"तू येऊन काढ मग. कंपनीत स्टोअररूमला आतून कडी लावून बसायचं, बाहेर कुणीतरी दार वाजवत असणार. कायद्यानं पंधरा महिन्यांपर्यंत रोज दोन जादा सुट्ट्या मिळतात पाजायला. पन्नास किंवा जास्त कामगार असले तर पाळणाघर पाहिजे. सगळं कागदावर आहे. महाराष्ट्रात एसटी स्टँडवर पाजायला हिरकणी कक्ष निघाले, आमच्या कारखान्यात एक खुर्ची मिळत नाही."

आक्का गप्प झाली. वखारीत तिला खुर्ची सोडाच, कडीचं दारही मिळालं नव्हतं. पण गप्प झाली म्हणजे हरली, असं आमच्या घरात कुणी समजत नाही. ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. बोंडलं. एका बाजूला चोच असलेली ती छोटी वाटी मी चाळीस वर्षांत पाहिली नव्हती. पलीकडच्या कन्नड घरात याला ओळले म्हणतात. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचं भांडण कितीही जुनं असलं तरी दोन्हीकडच्या आज्यांनी दूध पाजलं ते याच एका भांड्यानं.

"ह्यानं पाज. तुझा बाप ह्यावर वाढलाय."

लेकीनं बोंडलं हातात घेतलं, खिडकीकडं धरून चोचीतून आत बघितलं. "आत्ती, ही चोच आतून घासायची कशानं? ब्रश जात नाही, बोट जात नाही. आणि ह्यानं पाजताना बाळाला मांडीवर आडवं घालून दूध ओततात. गिळायचं की नाही हे बाळ ठरवत नाही, ओतणारा ठरवतो. ठसका लागतो तो म्हणूनच."

हे मला नवीन होतं. बोंडलं आपलं म्हणून निर्दोष, आणि बाटली परकी म्हणून वाईट, असं मी बघायला लागलो होतो. मी आक्काच्या बाजूनं तोंड उघडणार, तेवढ्यात आक्काच म्हणाली, "व्हय, ठसका लागायचा. हे पण ठेव आत."

फडकं पुन्हा गुंडाळता गुंडाळता ती बोलायला लागली.

"मी बाटली वापरल्याली हाय, पोरी. तुला कुणी सांगितलं न्हाई. धाकटा तवा सहा म्हैन्याचा. तंबाखूचं आंदोलन झालं बघ, त्या साली."

आमच्याकडं साल असंच सांगतात. मार्च 1981 मध्ये शेतकरी नेते शरद जोशींच्या मागं तंबाखूचे शेतकरी निपाणीजवळ हमरस्ता अडवून बसले, 6 एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. त्याच साली 21 मे रोजी जिनिव्हात जागतिक आरोग्य परिषदेनं दूधभुकटी आणि बाटल्यांच्या विक्रीला वेसण घालणारी संहिता मंजूर केली. बाजूनं 118 देश, विरोधात एकटी अमेरिका. यातली पहिली गोष्ट आमच्या दारात घडली. दुसरीचा पत्ता मला कैक वर्षांनी लागला, नुकताच मास्तर होऊन पोरांना जगाचा नकाशा शिकवत होतो तरी.

"थोरली आठ वर्सांची. ती त्येला काखंला मारून दुपारच्या सुट्टीत वखारीच्या गेटवर आणायची. मी हात धुवायचो, पदर झाडायचो, तरी अंगाला तंबाखूचा वास. पोरगं तोंड फिरवायचं. चोळी भिजून जायची आणि पोर उपाशी. मग शेजारनीनं तिच्या पोराची बाटली दिली. काचंची, रबरी बूच. आत काय, गायीचं पाणी घातल्यालं दूध. थोरलीच पाजायची. बूच धुळीत पडलं की परकराला पुसायचं नि पुन्हा तोंडात द्यायचं. तिला काय कळतंय? जुलाब लागलं. आठ दिवस सलायन. डोळं आत गेल्यालं, टाळू बसल्याली. वाचलं, नशीब."

तो धाकटा आज पंचेचाळिशीचा आहे, टेम्पो चालवतो आणि जेवायला बसला की उठत नाही. पण ते आठ दिवस मलाही आठवतात.

लेक हळू आवाजात म्हणाली, "म्हणून तुला बाटली नको?"

"बाटलीनं काय केलं? बाटली धुणारी आठ वर्सांची होती. तू आठला जाणार. बाटली कोण धुणार, ते सांग. मग कुठली घ्यायची ते बघू."

दोघींनी माझ्याकडं बघितलं. त्या घटकेपर्यंत या संवादात मी श्रोता होतो.

तर आता तिन्ही खोकी धुणाऱ्याच्या नजरेनं तपासायची ठरली. पहिलं अँटी-कॉलिकचं. आत हवा जावी म्हणून नळी, नळीला झडप, झडपेला रबरी चकती. चित्रावरून मोजले तर बाटलीचे सात भाग. दुकानदाराच्या मते हिच्यामुळं बाळाच्या पोटात गॅस होत नाही. लेकीनं आक्काला एक जुनी गोष्ट सांगितली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये काचेच्या बाटलीला लांब रबरी नळी लावलेली असायची. बाळानं नळी तोंडात धरायची, पाजणाऱ्याला बाटली धरायला नको, फार सोय. नळी आतून कधीच साफ व्हायची नाही. इतकी पोरं दगावली की लोकांनी तिचं नाव खुनी बाटली पाडलं.

"मग ही तिचीच नात की," आक्का म्हणाली.

तुलना थोडी अन्यायाची आहे. आजची नळी सुटी होते, उकळता येते, आणि एखाद्या घरी तिचा उपयोगही होत असेल. पण चष्मा लावून सात भाग दिवसातून तीन वेळा घासणाऱ्या माणसाच्या वतीनं मी ते खोकं परत करायच्या बाजूला ठेवलं.

दुसरं खोकं अडीचशे मिलीच्या प्लास्टिकच्या बाटलीचं. "मोठी बरी, वाढत्या पोराला," असं दुकानदार म्हणाला होता. लेक म्हणाली, "अंगावर पिणारं मूल महिन्याचं झाल्यापासून सहा महिन्यांपर्यंत दिवसाला साधारण साडेसातशे ते आठशे मिली पितं. ते फारसं वाढत नाही, कारण आईचं दूधच बाळाबरोबर बदलत जातं. आठ-नऊ वेळात वाटलं की एका वेळेला नव्वद-शंभर. अडीचशेची बाटली समोर असली की भरणाऱ्याचा हात सैल सुटतो, आणि तळाशी उरलं की वाटतं, संपव रे राजा."

"तुझा बाप तसाच हाय. ताटात उरल्यालं बघवत न्हाई त्येला."

सव्वाशे मिलीची पुरे. मी ते खोकं बाजूला ठेवायला लागलो, तर लेकीनं थांबवून उलटं केलं. आयएसआयचा शिक्का आहे का ते बघायचं होतं. 1992 च्या कायद्यानुसार दूधभुकटी आणि बाटली या दोन्हींची जाहिरात करायला आपल्या देशात बंदी आहे, 2003 मध्ये तो कायदा आणखी कडक झाला. बाटलीवर भेटवस्तू नाही, सवलतीचं आमिष नाही. खोक्यावर आयएसआय चिन्ह पाहिजे. टीव्हीवर साबणापासून सिमेंटपर्यंत सगळं दिसतं, दुधाची बाटली दिसत नाही, ती यामुळंच. आमचं कॉलेज सीमेच्या त्या अंगाला अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्रात, आणि गाव या अंगाला कर्नाटकात. बाटलीचा कायदा तेवढा दोन्हीकडं एक. पॉलीकार्बोनेटच्या, काचेसारख्या कडक चकचकीत प्लास्टिकच्या बाटल्या 2015 च्या मानकातून बाद झाल्या, त्यातलं बिस्फेनॉल-ए दुधात उतरतं म्हणून. आठवडी बाजारात खोक्याशिवाय सुट्ट्या मिळणाऱ्या स्वस्त बाटलीचं प्लास्टिक कुठलं हे कोण सांगणार? ती घेऊच नये.

तिसरं खोकं काचेच्या बाटलीचं होतं. सव्वाशे मिली, रुंद तोंड, भाग चार. बाटली, निपल, रिंग, टोपण. आक्काचा हात आत मावत नव्हता, पण ब्रश सरळ तळाला टेकत होता.

"काच फुटंल."

"फुटली तर कळतं तरी फुटली म्हणून, आत्ती. प्लास्टिकला आतून चरे पडतात, त्यात दुधाची चिकटी बसते, ते कळत नाही. स्टीलची चालली असती, पण किती प्यायला हे दिसत नाही. आणि माझ्या पंपाचा आटा ह्याच रुंद तोंडावर बसतो. काढलेलं दूध भांडी बदलत फिरवायला नको."

एवढ्यावर बाटली ठरली. निपल ठरायला मात्र तासभर गेला, आणि माझ्या मते खरा विषय तोच. अंगावर पिणाऱ्या बाळाची बाटली निवडायची म्हणजे मुख्यतः निपल निवडायचं, बाकी काच-प्लास्टिक नंतर.

खोक्यावर निपलचं चित्र बघून आक्का म्हणाली, "वासरू बघितलाईस न्हवं? आधी ढुशा मारतंय. मग म्हस पान्हवती. लगीच दूध सुटत न्हाई."

लेकीचे डोळे चमकले. "तेच! बाळ आधी मिनिटभर भरभर नुसतं चोखतं, दूध येत नाही. मग पान्हा फुटतो, मग लांब लांब घोट. मधेच ओसरतो, बाळ थांबतं, पुन्हा चोखतं. बाटलीला पान्हाच नाही. उलटी धरली की पहिल्या थेंबापासून धार. दोन-चार दिवस असं आयतं मिळालं की ते माझ्याकडं आल्यावर चिडणार. ढुशा कोण मारत बसणार?"

याला डॉक्टर मंडळी निपलचा गोंधळ म्हणतात. तो गोंधळ किती बाळांना होतो यावर त्यांच्यातच वाद आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं 1989 मध्ये स्तनपानाच्या दहा पायऱ्या सांगितल्या, त्यात अंगावर पिणाऱ्या बाळाला निपल आणि चोखणी देऊच नका, असं ठाम होतं. 2018 ला त्या सुधारल्या तेव्हा तीच पायरी मवाळ झाली. आता बाटली, निपल, चोखणी यांचे धोके आईला समजावून सांगा, असं म्हणतात. आक्का 1989 ची आणि लेक 2018 ची, असं म्हटलं तर दोघींना राग येईल, म्हणून इथंच लिहितो.

तर निपल सर्वांत मंद धारेचं. वयाच्या आकड्यावर जाऊ नये. एका कंपनीचं "0 महिने" दुसऱ्या कंपनीच्या "3 महिने"पेक्षा जोरात वाहू शकतं, कारण मंद कशाला म्हणायचं याचं सर्वांना बांधणारं माप नाही. बाळाकडं बघायचं. ओठांच्या कडेनं दूध ओघळतंय, श्वास न घेता घटाघटा गिळतंय, डोळे मोठे होतायत, बोटं फाकतायत, तर धार जास्त. गाल आत ओढून दमतंय, चिडतंय, तर कमी. आकार बुडाशी रुंद आणि टोकाकडं हळूहळू निमुळता होणारा, म्हणजे अंगावर पिताना पसरतात तसे ओठ पसरतात. नुसतं टोक चोखायची सवय लागली तर तीच तो आईकडं घेऊन जातो, आणि मग आईचे हाल.

"धार कमी वाटली तर सुई तापवून भोक मोठं करायचं," आक्का बोलून गेली.

"आत्ती!"

"करत होतो बाई. समद्याच करत हुत्या."

अजूनही करतात. कृपा करून करू नका. सुईचं भोक वाकडंतिकडं होतं, धार मोजता येत नाही आणि रबराचा तुकडा सुटून घशात जाऊ शकतो.

मग माझी तालीम सुरू झाली. बाळाला आडवं नाही घालायचं, जवळजवळ बसवायचं, मान-पाठीला हात. निपल तोंडात कोंबायचं नाही, वरच्या ओठाला टेकवून थांबायचं, त्यानं आ केला की मग. बाटली उभी नव्हे, आडवी धरायची, निपल निम्मं भरलं तरी चालतं. पाच-सहा घोट झाले की बाटली खाली झुकवून विसावा. अर्ध्यात कूस बदलायची. पंधरा-वीस मिनिटं लागली पाहिजेत, आणि तोंड फिरवलं की संपलं. उरलेलं राहू दे.

"पाच मिनिटात पाजून पेपर वाचायचा न्हाई," आक्कानं मला उद्देशून भर घातली.

पहिले तीन दिवस नातवानं मला पुरता नापास केला. निपल जिभेनं बाहेर ढकलायचं आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघायचं की मी शाळेत कुणाकडं तसं बघितलं नसेल. लेकीनं दोन चुका काढल्या. मी त्याला भुकेनं रडायला लागल्यावर घेत होतो, त्याऐवजी जरा आधी, झोपेतून उठल्या उठल्या घ्यायला पाहिजे. आणि ती स्वतः त्याच खोलीत होती. आईचा वास येत असताना बाटली कोण घेईल? तिनं शेजारी जाऊन बसायचं ठरलं. तिसरी चूक आक्कानं काढली. फ्रीजमधलं दूध तिनं हुंगलं. "साबणागत वास येतोय." नासलं म्हणून मी ओतून देणार होतो. लेकीनं सांगितलं, काही बायकांच्या दुधात चरबी फोडणारा लायपेज जास्त असतो, ठेवलं की असा वास येतो, दूध खराब नसतं, पण बाळाला आवडेलच असं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच सकाळी काढलेलं दिलं, तर त्यानं घेतलं.

फ्रीजच्या दारावर आता माझ्या अक्षरातला कागद आहे. काढलेलं दूध बाहेर चार तास, तेही पंचवीस अंशांच्या आत. आमच्या एप्रिलात तेवढा वेळ बाहेर ठेवायचंच नाही. फ्रीजमध्ये चार दिवस, आत मागच्या बाजूला, दारात नको. गरम करायचं ते कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून, गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये नाही. तोंड लागलेलं दोन तासांच्या पुढं नाही. बाटली पिऊन झाली की लगेच सुटी करून गार पाण्यानं, मग साबण-ब्रशनं, मग पाण्यात पूर्ण बुडवून झाकण ठेवून दहा मिनिटं उकळायची. निपल दोन-तीन महिन्यांनी, किंवा चिकट-फुगीर दिसलं की त्याआधी बदलायचं. खाली आक्कानं मला एक ओळ लिहायला लावली: लाइट गेली तर वेळ लिहून ठेवणे. निपाणीत ती ओळ सर्वांत जास्त वापरात आहे.

वाटीसुद्धा हटली नाही. सकाळचं पाजणं आक्का वाटीनंच करते. बाळाला टेकून बसवते, वाटीची कड खालच्या ओठाला लावते आणि ओतत नाही. तो मांजराच्या पिल्लासारखा जिभेनं ओढून घेतो. सांडतं, पण लेकीच्या भीतीइतकं नाही. वाटीला कोपरा नाही, नळी नाही, भोक नाही, राखेनं घासली तरी चालते, असा तिचा युक्तिवाद आहे, आणि राख सोडली तर त्यात मला खोट दिसत नाही. ज्यांच्या घरी दिवसभर उकळत्या पाण्याची आणि रिकाम्या माणसाची सोय नाही, त्यांना मी बाटलीच्या आधी वाटीच सांगेन.

दोन खोकी मी दुकानात परत दिली. दुकानदारानं घेतली, पण म्हणाला, "मास्तर, सगळ्यात साधी नेलासा की हो." एक निपल जादा घेतलं.

सोमवारी लेक कामावर गेली. दुपारी एक वाजता नातवानं माझ्या मांडीवर बसून नव्वदपैकी सत्तर मिली घेतलं, बावीस मिनिटांत, दोनदा थांबून, आणि तोंड फिरवलं. तीन वाजता तो उठला तेव्हा दोन तास होऊन गेले होते. उरलेलं वीस मिली आक्कानं पायदळी जाऊ नये म्हणून परड्यात जास्वंदीच्या बुडात ओतलं, आणि बाटली मी धुतली.